स्नूकर म्हणजे ‘कच्चं लिंबू’! जबलपूरच्या पावसाळ्यात नवा खेळ काढणाऱ्या नेव्हिल चेंबरलेनची गोष्ट



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ‘एट बॉल पूल’ असेलच. बोटाने काठी मागे ओढायची, सोडायची आणि गोल खड्ड्यात गेला की समोरच्याला एक इमोजी पाठवायचा. या गेमचा एक मोठा भाऊ आहे, त्याचं नाव स्नूकर. टेबल मोठं, गोल जास्त, डोक्याला ताप जास्त. आता प्रश्न असा की स्नूकर कुठं जन्मला? लंडन? पॅरिस? नाही. तो जन्मला जबलपूरला, आणि त्याचे नियम कागदावर उतरले उटीला. दोन्ही ठिकाणं भारतातली.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वलगावचा. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की पेढी नदीवर आमचं गाव लागतं. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला इथंच शेवटचा श्वास घेतला, म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. इथून उत्तरेला सातपुडा आणि सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या बाजूला, जबलपूर. आज ते दुसऱ्या राज्यात आहे, पण १९०३ पासून १९५६ पर्यंत वऱ्हाड आणि जबलपूर एकाच प्रांताच्या कारभारात होते. म्हणजे हा खेळ तसा आपल्या शेजारच्या घरातलाच. तरी आपल्याकडे त्याची गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. चला तर मग, आज तीच बघू.

आधी एक गोंधळ दूर करू

नेव्हिल चेंबरलेन म्हटलं की गूगल तुम्हाला दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे ब्रिटनचे पंतप्रधान दाखवतं. ते वेगळे. आपला चेंबरलेन म्हणजे सर नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेराल्ड चेंबरलेन. जन्म १३ जानेवारी १८५६, इंग्लंडमध्ये. घराणं लष्करी. त्याचे एक काका तर फील्ड मार्शल झाले, आणि त्यांचंही नाव नेव्हिल चेंबरलेनच! हा पोरगा १८७३ मध्ये सैन्यात अधिकारी झाला आणि डेव्हनशायर रेजिमेंटसोबत भारतात आला. १८७५ मध्ये ही पलटण जबलपूरला होती. तेव्हा त्याचं वय होतं १९. म्हणजे आज बारावी होऊन कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोट्ट्याएवढं.

पाऊस, कंटाळा आणि एक टेबल

जबलपूरचा पावसाळा म्हणजे आपल्या मेळघाटासारखाच. लागला की थांबायचं नाव घेत नाही. कवायत बंद, शिकार बंद, घोडेस्वारी बंद. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये एक बिलियर्ड्सचं टेबल होतं, त्याभोवती सगळे जमायचे.

आता हे टेबल म्हणजे काय, ते समजून घेऊ. युरोपात आधी गवतावर, काठीने गोल ढकलायचे खेळ होते. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यातला एक प्रकार घरात, टेबलावर आला. टेबलावरचं हिरवं कापड ही त्या गवताची आठवण आहे. पुढे एकेक सुधारणा होत गेल्या. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टनने लाकडाऐवजी स्लेट दगडाचा पृष्ठभाग वापरायला सुरुवात केली. शाळेत जी दगडी पाटी असायची ना, तोच दगड. तो ओलाव्याने फुगत नाही, वाकत नाही. मग कडांना रबर आलं. काठीच्या टोकाला चामड्याची टोपी फ्रान्सच्या मिंगो नावाच्या माणसाने आणली, त्यामुळे गोलाला फिरकी देता येऊ लागली.

थोडक्यात, चेंबरलेन त्या टेबलापाशी उभा राहिला तेव्हा सगळं हार्डवेअर तयार होतं. टेबल त्याने बनवलं नाही, काठी त्याची नाही, गोलही त्याचे नाहीत. त्याने लिहिलं ते सॉफ्टवेअर, म्हणजे नियम.

तीन जुने खेळ, एक नवा खेळ

त्या मेसमध्ये तेव्हा काय खेळायचे, बघा.

पहिला, पिरॅमिड्स. १५ लाल गोल त्रिकोणात मांडायचे आणि पांढऱ्या गोलाने एकेक खड्ड्यात घालायचा. प्रत्येक गोलामागे ठरलेले पैसे. सगळे गोल सारख्याच किमतीचे.

दुसरा, लाइफ पूल. यात प्रत्येक खेळाडूचा रंग वेगळा. दुसऱ्याचा गोल खड्ड्यात घातला की त्याची एक ‘लाइफ’ जाते आणि तो पैसे देतो. तीन लाइफ गेल्या की तो बाद. हो, आपल्या मोबाइल गेममधल्या लाइफसारखंच!

तिसरा, ब्लॅक पूल. लाइफ पूलमध्ये एक काळा गोल जास्तीचा. तो घातला तर कमाई वेगळी.

चेंबरलेनच्या डोक्यात आलं की हे सगळं एकत्र का करू नये? पिरॅमिड्सचे १५ लाल घ्यायचे आणि त्यात रंगीत गोल टाकायचे, प्रत्येकाची किंमत वेगळी. सुरुवातीला पिवळा, हिरवा, गुलाबी आणि काळा एवढेच होते. निळा आणि तपकिरी काही वर्षांनी आले.

बदल बारीक दिसतो. पण कॅरम आठवा. समजा राणी नाही आणि सगळ्या सोंगट्या एकाच किमतीच्या. मग काय कराल? जी सोपी तीच माराल. आता मधे राणी ठेवा. लगेच डोक्यात गणित सुरू होतं: आत्ता राणी घेऊ की नको? घेतली तर कव्हर होईल का? हात तोच, नेम तोच, पण आता निर्णयही घ्यावा लागतो. स्नूकरमध्ये अशा सहा राण्या आहेत असं समजा.

आजचे नियम असे: लाल १ गुण, पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. आधी एक लाल घालायचा, मग कोणताही एक रंगीत. लाल गेला तो गेला, पण रंगीत गोल परत आपल्या जागी ठेवतात. लाल संपले की रंगीत चढत्या क्रमाने. प्रत्येक लालनंतर काळाच घातला तर १५ गुणिले ८ म्हणजे १२०, आणि शेवटचे सहा रंग मिळून २७. बेरीज १४७. यालाच स्नूकरवाले ‘मॅक्झिमम’ म्हणतात.

नाव कसं पडलं?

आता मजेशीर भाग. इंग्लंडमधल्या वुलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना चिडवायला ‘स्नूकर’ म्हणत. आपल्या भाषेत अगदी बरोबर शब्द आहे, कच्चं लिंबू. जबलपूरच्या मेसमध्ये एक पाहुणा अधिकारी आला होता, त्याच्याकडून हा शब्द चेंबरलेनने ऐकला. थोड्याच वेळात एका गड्याचा अगदी सोपा, खड्ड्याच्या तोंडावरचा गोल हुकला. चेंबरलेनने त्याला लगेच स्नूकर म्हणून चिडवलं. आता तो गडी भडकणार, हे दिसताच चेंबरलेनने सांभाळून घेतलं: अरे, या नव्या खेळात आपण सगळेच कच्चे लिंबू आहोत, मग खेळालाच हे नाव देऊन टाकू. आणि तेच नाव चिकटलं.

खेळ बनवणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नव्या खेळात सगळेच चुकतात. चुकणाऱ्याला लाज वाटली तर तो उद्या येत नाही. चुकणं हीच गंमत झाली तर तो चार मित्र घेऊन येतो.

हाताचं कसब: कॅरम, स्नूकर आणि फोन

टेबलावरचे बरेच खेळ फाशांवर किंवा डोक्यावर चालतात. स्नूकर आणि कॅरम हे हाताच्या कसबाचे खेळ. दोघांत एक मोठा फरक आहे, आणि तो वजनाचा आहे.

कॅरमची सोंगटी साधारण ५ ग्रॅमची, आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत. जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की जड वस्तू पुढे सरकतच राहते. म्हणून सरळ मारलेला स्ट्रायकर सोंगटीमागे खड्ड्यात पडतो आणि आपण डोक्याला हात लावतो.

स्नूकरमध्ये सगळे गोल सारख्या वजनाचे आणि सारख्या आकाराचे, व्यास ५२.५ मिलिमीटर. पांढऱ्याला फिरकी नसेल आणि तो समोरच्या गोलावर नाकासमोर आदळला, तर सगळा वेग समोरच्याला जातो आणि पांढरा जागेवर थांबतो. तिरका आदळला तर दोन्ही गोल जवळपास काटकोनात फुटतात. हा काटकोन ज्याच्या डोळ्यात बसला, त्याला मारण्याआधीच कळतं की पांढरा कुठं जाऊन थांबणार. आणि काठी मध्याच्या खाली किंवा वर लावली की हे सगळं गणित बदलतं.

फोनवर हेच गणित प्रोसेसर करतो. गोल कुठं जाईल याची रेघ गेम तुम्हाला काढून देतो. खऱ्या टेबलावर रेघ नसते. तिथं खांदा, कोपर, मनगट आणि डोळा एका ओळीत आणावे लागतात, तेही तीन-साडेतीन मीटर लांब टेबलावर.

उटीचा कागद

चेंबरलेन जबलपूरला फार दिवस राहिला नाही. तो सेंट्रल इंडिया हॉर्स या घोडदळात गेला आणि खेळही सोबत नेला. मग दुसरं अफगाण युद्ध झालं. जनरल रॉबर्ट्सच्या हाताखाली तो लढला आणि कंदाहारला जखमी झाला. १८८१ मध्ये रॉबर्ट्स मद्रासच्या फौजेचा सेनापती झाला आणि चेंबरलेन त्याचा एडीसी, म्हणजे सतत सोबत असणारा अधिकारी.

मद्रासच्या फौजेचा उन्हाळी मुक्काम उटीला असायचा. तिथल्या क्लबमध्ये बिलियर्ड्सचं टेबल होतं. उटीला रेल्वे पोचली १९०८ मध्ये, म्हणजे दगडी पाट्यांचं ते टेबल तेव्हा घाटरस्त्यानेच वर चढलं असणार. या क्लबमध्ये वेगवेगळ्या पलटणींचे अधिकारी यायचे, आणि स्नूकर सगळ्यांचा आवडता झाला.

पण खेळ पसरला की भांडण आलंच. कॅरमचं बघा ना. एका गल्लीत राणी ५० ची, दुसऱ्या गल्लीत वेगळी. कुठं स्ट्रायकर पडला की दंड एक सोंगटी, कुठं दोन. बाहेरचा पाहुणा खेळायला बसला की पहिली दहा मिनिटं नियमांवर वाद.

उटीला १८८२ मध्ये यावर उपाय झाला. चेंबरलेनने नियम लिहून काढले आणि ते बिलियर्ड्सच्या खोलीत लावले. माझ्या मते स्नूकरचा खरा जन्मदिवस हाच. १८७५ मध्ये जबलपूरला मित्रांत रंगलेली एक युक्ती होती. १८८२ मध्ये उटीला तिचं रूपांतर अशा खेळात झालं, जो चेंबरलेन खोलीत नसतानाही खेळता येत होता.

इंग्लंडपर्यंत कसा पोचला?

१८८५ मध्ये इंग्लंडचा नावाजलेला बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स ज्युनिअर भारतात आला होता. कलकत्त्यात कूचबिहारच्या महाराजांकडच्या जेवणात त्याची आणि चेंबरलेनची भेट झाली, आणि त्याने खेळाचे नियम समजून घेतले. पुढे खेळ इंग्लंडच्या क्लबांत शिरला.

तरी एक अडचण होती. बिलियर्ड्सला तीन गोल पुरतात, स्नूकरला २२ लागतात. चांगले गोल हस्तिदंताचे असायचे आणि एका सुळ्यातून मोजकेच निघायचे. म्हणून पर्यायी पदार्थांचा शोध आधीच सुरू झाला होता. अमेरिकेत एका कंपनीने हस्तिदंताला पर्याय देणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं, आणि त्याच नादात जॉन वेस्ली हायेटने १८६९-७० च्या सुमारास सेल्युलॉइडवर काम केलं. प्लॅस्टिकच्या युगाची सुरुवात सांगताना हे उदाहरण हमखास येतं. कृत्रिम गोल आले नसते तर २२ गोलांचा खेळ श्रीमंतांच्या बाहेर पडणं अवघडच होतं. आज गोल फिनॉलिक रेझिनचे असतात.

१९२७ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जो डेव्हिस जिंकला, बक्षीस साडेसहा पौंड. मग १९६९ मध्ये बीबीसीला रंगीत टीव्हीवर काहीतरी रंगीबेरंगी दाखवायचं होतं. ‘पॉट ब्लॅक’ नावाचा स्नूकरचा कार्यक्रम सुरू झाला. लाल, पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी: रंगीत टीव्हीची याहून चांगली जाहिरात कोणती?

आयर्लंड, आणि एक वेगळा चेंबरलेन

खेळाच्या गोष्टीत माणूस फार गोड वाटू लागतो, म्हणून हेही सांगायला हवं. चेंबरलेन आयुष्यभर साम्राज्याचा नोकर होता. अफगाणिस्तान, काश्मीर, दक्षिण आफ्रिका अशी नोकरी करून १९०० मध्ये तो आयर्लंडच्या पोलिसदलाचा, रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा, प्रमुख झाला. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनला ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला, तोच ईस्टर उठाव. त्यानंतर त्याच वर्षी चेंबरलेनने पद सोडलं. सोळा वर्षांची कारकीर्द तिथं संपली.

आणि ज्या क्लबांत स्नूकर वाढला, त्यांतल्या बहुतेकांचे दरवाजे भारतीयांना सदस्य म्हणून बंद होते. भारतीय माणूस आत असायचा तो मार्कर म्हणून: गुण मांडायचा, गोल परत जागेवर ठेवायचा. खेळाच्या इतिहासात त्या मार्करांची नावं आली नाहीत.

पण पुढचं ऐका. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेला तो पहिला जगज्जेता. १९८४ मध्ये ओम अग्रवाल यांनी स्नूकरचं हौशी जगज्जेतेपद आणलं. २००३ मध्ये पंकज अडवाणीने तेच केलं, आणि त्याचाही जन्म पुण्याचा. ज्या खोलीत आपल्याला बसायला जागा नव्हती, त्या खोलीतला खेळ आपल्या पोरांनी जिंकून दाखवला.

८२ व्या वर्षी श्रेयाची लढाई

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. १९३० च्या दशकात स्नूकर इंग्लंडमध्ये जोरात होता. पण तो कोणी काढला, कुठं काढला, याबद्दल वेगवेगळ्या गोष्टी फिरत होत्या. चेंबरलेन निवृत्त होऊन ॲस्कॉटला राहत होता. शेवटी १९३८ च्या मार्चमध्ये, ८२ व्या वर्षी, त्याने ‘द फील्ड’ या साप्ताहिकाला पत्र लिहून जबलपूरची सगळी हकीकत सांगितली. पुढच्या वर्षी लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी ‘द बिलियर्ड प्लेयर’ या मासिकातून त्याच्या दाव्याला पाठिंबा दिला. तेव्हापासून स्नूकरचा जनक म्हणून बहुतेक ठिकाणी त्याचंच नाव येतं. २८ मे १९४४ ला तो वारला, वय ८८.

विचार करा. खेळ १८७५ चा, आणि मी केला हे सांगायला १९३८ उजाडलं. ६३ वर्षं! तो एवढा जगला म्हणून सांगू शकला.

आपल्या गल्लीतल्या खेळांना अशी संधी मिळत नाही. गोट्यांचे कितीतरी प्रकार, कॅरमचे नियम, दगडांचे खेळ कोणीतरी पहिल्यांदा काढलेच असतील ना? नाव कोणाचंच नाही. लिहून ठेवलं की काय होतं, याचं उदाहरण अमरावतीतच आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ जगासमोर दाखवले. मातीतला खेळ परक्या देशात दाखवायचा तर त्याला ठरलेले नियम लागतातच.

तुम्हाला स्वतःचा खेळ काढायचा असेल तर

चेंबरलेनच्या आयुष्यातून मला चार गोष्टी मिळाल्या.

१. घरात आहे तेच साहित्य घ्या. कॅरम बोर्ड, बाटलीची झाकणं, गोट्या, स्केल. नवीन काही विकत आणू नका.

२. आधी कसब ठरवा, मग निवड द्या. टिचकी, नेम, तोल, काहीही. पण खेळाडूला दरवेळी सोपं आणि कमी की अवघड आणि जास्त, हे ठरवायला लागलं पाहिजे.

३. अनोळखी माणसाला खेळायला द्या आणि स्वतः गप्प बसा. तो जिथं अडेल, तिथं तुमचा नियम कच्चा आहे.

४. नियम लिहा, खाली नाव आणि तारीख टाका. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ नुसार खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. कॉपीराइट मिळतो तो तुम्ही लिहिलेल्या मजकुराला, चित्रांना, डिझाइनला. नुसत्या कल्पनेला नाही. म्हणून तारखेसह लिहिलेला कागद हाच तुमचा पुरावा.

फोन तर हातातच आहे. नोट्स ॲप उघडा, आपल्या गल्लीत कॅरम कोणत्या नियमांनी खेळतात ते लिहा, तुम्ही त्यात काय बदललं ते लिहा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. तारीख आपोआप पडते. चेंबरलेनला याच कामासाठी ६३ वर्षं लागली, तुम्हाला दहा मिनिटं पुरतील.